हिरडी मोजण्याची रीत : जंतुनाशक चुळीच्या चाचण्यांचा इतिहास

हिरड्या सुजणे, घासताना त्यांतून रक्त येणे, तोंडाला दुर्गंधी येणे आणि अखेर दात हलून पडणे हा विकाराचा क्रम जवळपास प्रत्येक प्राचीन वैद्यकपरंपरेला ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणाऱ्या रोगांमध्ये शीताद, दंतवेष्ट आणि उपकुश यांची वर्णने येतात आणि त्यांवरील उपचारांत काढ्यांच्या व तेलांच्या चुळांना मानाचे स्थान आहे. तोंड काठोकाठ भरून द्रव न हलवता धरून ठेवण्याला तेथे गंडूष म्हटले आहे, तर तो तोंडात खेळवता येईल इतकाच घेण्याला कवल. युरोपात सिरका, मद्य, तुरटी आणि बोळ यांचा असाच उपयोग होत असे. या सर्व द्रवांचा प्रसार अनुभवाच्या आणि परंपरेच्या आधाराने झाला. त्यांनी हिरडीचा रोग खरोखर कमी होतो का, किती कमी होतो आणि किती दिवसांत कमी होतो, हे प्रश्न विचारले गेले असते तरी त्यांची उत्तरे मिळण्याची सोय विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्हती. कारण सुजलेली हिरडी किती सुजली आहे हे दोन वेगवेगळ्या वैद्यांना एकाच भाषेत सांगता येईल असे मापच अस्तित्वात नव्हते. जंतुनाशक चुळीचा इतिहास सामान्यतः औषधांच्या शोधाचा इतिहास म्हणून सांगितला जातो, पण त्यातील निर्णायक वळण औषधाने नव्हे तर मापाने आणले, असे या साऱ्या घडामोडींकडे पाहता म्हणावे लागते.

या विकाराचे दोन टप्पे आधी वेगळे करून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील बहुतेक गोंधळ ते एकच समजण्यातून निर्माण झाला. दात स्वच्छ केल्यानंतर काही तासांतच त्यांवर जंतूंचा चिकट, पातळ थर बसू लागतो. त्याला दंतवैद्यक प्लाक म्हणते. हा थर लाळेतील क्षारांमुळे कठीण झाला की त्याचे कीटण बनते. हिरडीच्या कडेशी प्लाक साचून राहिला की कड लाल होते, फुगते आणि टोचताच रक्त देते. या अवस्थेला हिरडीदाह, वैद्यकीय परिभाषेत जिंजिव्हायटिस, म्हणतात आणि थर काढून टाकल्यास ती पूर्णपणे बरी होते. काही व्यक्तींमध्ये मात्र दाह खोलवर उतरतो, दात आणि हिरडी यांच्यामधील उथळ खाच खोल कप्प्यात बदलते, दाताला धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचे हाड झिजू लागते. बोलीत ज्याला पायोरिया म्हणतात तो हा परिदंतरोग, म्हणजे पेरिओडॉन्टायटिस, असून गेलेले हाड सहसा परत येत नाही. चुळीचा द्रव पहिल्या अवस्थेच्या जागेपर्यंत पोहोचतो, दुसऱ्या अवस्थेच्या जागेपर्यंत तो जवळजवळ पोहोचतच नाही.

चुळीची पहिली नोंदलेली सूक्ष्मदर्शकीय चाचणी सतराव्या शतकातील आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट येथील कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी स्वतः घासलेल्या भिंगांतून आपल्या दातांमधील पांढरा गाळ पाहिला आणि त्यात वळवळणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन १७ सप्टेंबर १६८३ या तारखेच्या पत्रात लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. त्यांची जिज्ञासा तेथे थांबली नाही. हा गाळ सिरक्यात कालवला असता जीव मरतात, पण सिरक्याची चूळ भरून मग दातांवरचा गाळ तपासला असता त्यात जिवंत जीव आढळतात, असे त्यांना दिसले आणि सिरका गाळाच्या आतपर्यंत शिरत नसावा असा अर्थ त्यांनी लावला. परीक्षानळीत जंतू मारणारे द्रव्य तोंडात तेवढेच प्रभावी ठरत नाही, ही गोष्ट इतक्या लवकर आणि इतक्या साध्या रीतीने दाखवली गेली असूनही पुढील अडीच शतके औषधनिर्मात्यांनी तिच्याकडे सोयीस्करपणे दुर्लक्ष केले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंतुसिद्धान्त प्रस्थापित झाला आणि जोसेफ लिस्टर यांच्या जंतुनाशक शस्त्रक्रियेची कीर्ती पसरली, तेव्हा चुळीला नवे शास्त्रीय वस्त्र मिळाले. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर, ज्यांनी रॉबर्ट कॉख यांच्या पद्धती दंतवैद्यकात आणल्या, त्यांनी १८९० मध्ये मानवी मुखातील सूक्ष्मजीवांवरचा आपला ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. बाजार त्यांच्याही पुढे होता. अमेरिकेतील सेंट लुइस येथे जोसेफ लॉरेन्स यांनी १८७९ मध्ये थायमॉल, मेंथॉल, युकॅलिप्टॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट ही सुगंधी द्रव्ये मद्यार्कात मिसळून एक जंतुनाशक तयार केले आणि लिस्टर यांच्या नावावरून त्याला लिस्टरिन हे नाव दिले. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे कार्ल ऑगुस्ट लिंग्नर यांच्या ओडोल या चुळीने याच काळात अफाट संपत्ती मिळवून दिली. त्याच लिंग्नर यांच्या पुढाकाराने १९११ चे आरोग्यप्रदर्शन ड्रेस्डेनमध्ये भरले. लिस्टरिन १९१४ पासून अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळू लागले आणि १९२० च्या दशकात तोंडाच्या दुर्गंधीची भीती दाखवणाऱ्या जाहिरातींनी ते घराघरांत पोहोचले. ते सर्दी आणि घशाचे विकार टाळते हा दावाही अनेक दशके केला गेला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तो खोटा ठरवला, १९७७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः कायम ठेवला आणि सुमारे एक कोटी डॉलरच्या जाहिरातींतून कंपनीला खुलासा द्यावा लागला. सर्दीचा दावा तपासणे तुलनेने सोपे होते, कारण माणसाला सर्दी झाली की नाही हे मोजता येते. हिरडीच्या बाबतीत हीच सोय नव्हती.

ती सोय करण्याचे प्रयत्न दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाले. शोर आणि मॅसलर यांनी युद्धोत्तर इटलीतील मुलांच्या हिरड्या तपासताना दातांमधील हिरडीचे टोक, कड आणि हाडाला चिकटलेला भाग यांपैकी किती भाग सुजला आहे याची गणना करणारी पद्धत वापरली. अमेरिकेतील रसेल यांनी १९५६ मध्ये शून्य ते आठ अशी श्रेणी सुचवली, जी मोठ्या लोकसंख्येची पाहणी करण्यास उपयोगी होती. या मापांनी एका देशाची दुसऱ्याशी तुलना होऊ शके. पण एकाच व्यक्तीच्या हिरडीत पंधरा दिवसांत झालेला बारीक फरक टिपण्याइतकी ती सूक्ष्म नव्हती. चुळीच्या चाचणीला नेमका तोच फरक हवा होता.

डेन्मार्कमधील ऑर्हूस येथील रॉयल डेंटल कॉलेजात काम करणारे नॉर्वेजियन संशोधक हाराल्ड ल्यो आणि त्यांचे सहकारी सिल्नेस यांनी गर्भवती स्त्रियांच्या हिरड्यांचा अभ्यास करताना १९६३ मध्ये हिरडी-निर्देशांक आणि त्याच्या पुढच्या वर्षी प्लाक-निर्देशांक मांडला. प्रत्येक दाताच्या चार बाजू वेगवेगळ्या तपासून प्रत्येक बाजूला शून्य ते तीन गुण द्यावयाचे, अशी ही योजना होती. निरोगी हिरडीला शून्य. रंगात थोडा बदल आणि किंचित सूज, पण बोथट सळईने स्पर्श केल्यास रक्त नाही, तर एक. लाली, सूज, चकाकी आणि स्पर्शाने रक्त, तर दोन. तीव्र लाली, व्रण आणि आपोआप रक्त येण्याची प्रवृत्ती, तर तीन. एक आणि दोन यांमधील सीमा रक्ताच्या थेंबाने ठरत असल्यामुळे निरीक्षकाच्या मतभेदाला तेथे वाव कमी राहिला. प्लाकच्या बाबतीत सळई फिरवल्यावरच कळणारा थर एक, नुसत्या डोळ्यांना दिसणारा दोन आणि भरपूर साचलेला तीन, असे गुण होते. दिसायला ही योजना अगदी साधी आहे, पण त्यानंतरच्या अर्ध्या शतकातील चुळीच्या असंख्य चाचण्या याच दोन तक्त्यांवर किंवा त्यांच्या सुधारित आवृत्त्यांवर उभ्या आहेत. समांतरपणे अमेरिकेत क्विग्ली आणि हाइन यांनी १९६२ मध्ये, दात रंगवून प्लाक दृश्य करून तो मोजण्याची पद्धत दिली होती. १९७० मध्ये तुरेस्की आणि सहकाऱ्यांनी तिच्यात केलेली सुधारणा पुढे सर्वत्र रूढ झाली, आणि विशेष हे की ती सुधारणा प्लाक रोखणाऱ्या एका रसायनाचीच चाचणी घेताना करण्यात आली होती.

माप मिळाल्यावर ल्यो, एल्से थैलाडे आणि येन्सन यांनी १९६५ मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला तो दंतवैद्यकाच्या इतिहासातील सर्वाधिक उद्धृत प्रयोगांपैकी आहे. त्या काळी हिरडीदाहाचे मूळ कारण काय यावर एकमत नव्हते. जीवनसत्त्वांचा अभाव, संप्रेरके, दातांची चुकीची ठेवण, कीटणाचे घर्षण अशी अनेक कारणे पुढे केली जात आणि जंतूंचा थर हे त्यांतील एक कारण मानले जाई. ऑर्हूसमध्ये निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्ती निवडल्या गेल्या. त्यांत दंतमहाविद्यालयातील पहिल्या वर्षाचे नऊ विद्यार्थी, एक शिक्षक आणि प्रयोगशाळेतील दोन तंत्रज्ञ होते. त्यांना दात घासणे पूर्णपणे बंद करण्यास सांगण्यात आले. दहा ते एकवीस दिवसांच्या आत बाराही जणांना हिरडीदाह झाला. त्याच काळात दातांवरील थराचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले असता आधी गोलाणू आणि आखूड दंडाणू, मग लांब तंतूंसारखे जंतू आणि अखेरीस वळणदार, चपळ जंतू असा वसाहतीचा क्रम बदलत जाताना दिसला. ब्रश पुन्हा सुरू करताच साधारण आठवडाभरात थर गेला आणि हिरड्या पूर्ववत झाल्या.

या प्रयोगाने कारणाचा वाद मिटवला हे त्याचे सर्वमान्य महत्त्व आहे. चुळीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याचे दुसरे महत्त्व कदाचित अधिक मोठे ठरते. जो रोग रुग्णांमध्ये वर्षानुवर्षे रेंगाळतो, वर-खाली होत राहतो आणि ज्याचा आरंभ कधी झाला हे कोणालाच सांगता येत नाही, तो आता ठरलेल्या दिवशी सुरू करता येऊ लागला, तीन आठवड्यांत वाढवता येऊ लागला आणि हवा तेव्हा बरा करता येऊ लागला. औषध तपासण्यासाठी याहून सोयीची परिस्थिती कल्पनेत आणणे अवघड आहे. निरोगी माणसाला जाणूनबुजून आजारी पाडण्याचा हा प्रकार आजच्या वाचकाला खटकू शकेल. मानवी प्रयोगांच्या नीतीविषयी हेलसिंकी येथील जाहीरनामा आदल्याच वर्षी, १९६४ मध्ये, स्वीकारला गेला होता हेही लक्षात घेण्यासारखे आहे. तथापि विकार सौम्य, अल्पकालीन आणि पूर्ण उलटवता येणारा असल्यामुळे ही पद्धत टिकली आणि 'प्रायोगिक हिरडीदाह' या नावाने ती जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये स्थिरावली. पुढील दोन-तीन वर्षांत याच पद्धतीने ऑर्हूसच्या गटाने प्रतिजैविकांचीही परीक्षा घेतली. ती थर रोखत होती, पण रोजच्या चुळीसाठी प्रतिजैविक वापरणे म्हणजे औषधाला न जुमानणारे जंतू पोसणे, हे तेव्हाही उघड होते.

याच सुमारास एक अगदी वेगळ्या कामासाठी शोधले गेलेले रसायन दंतवैद्यकाच्या हाती आले. दुसऱ्या महायुद्धात जावा बेट जपानच्या ताब्यात गेल्यामुळे क्विनाइनचा पुरवठा तुटला आणि इंग्लंडमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या मँचेस्टर येथील रसायनशास्त्रज्ञांनी हिवतापावरील कृत्रिम औषधांचा शोध हाती घेतला. त्यातून बायग्वानाइड वर्गातील प्रोग्वानिल हे औषध निघाले. त्याच वर्गाच्या पुढील शोधातून क्लोरहेक्सिडीन मिळाले. हिवतापाशी त्याचा संबंध उरला नव्हता, पण जंतुनाशक म्हणून ते असाधारण होते. १९५४ मध्ये त्याच्या गुणधर्मांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्वचा व जखमा निर्जंतुक करण्यासाठी ते वापरात आले. तोंडात त्याचा उपयोग होईल का, हे पाहण्यास आणखी पंधरा वर्षे गेली.

ल्यो आणि शिऑट यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी रचनेच्या दृष्टीने १९६५ च्या प्रयोगाचीच पुनरावृत्ती होती, फरक एवढाच की ब्रश बंद केलेल्या तरुणांनी दिवसातून दोनदा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या दहा मिलिलिटर द्रवाने एक मिनिट चूळ भरली. दात न घासताही थर जवळजवळ बसला नाही आणि हिरडीदाह झाला नाही. यापूर्वीच्या कोणत्याही चुळीला हे साधले नव्हते. कारणाचा शोध घेताना नॉर्वेतील रोला आणि इतरांनी दाखवले की हे रसायन धनभारित असल्यामुळे दाताच्या कठीण आवरणाला, त्यावरील लाळेच्या पातळ पटलाला आणि तोंडाच्या आतील अस्तराला चिकटून राहते, चूळ थुंकून टाकल्यावरही तोंडात घेतलेल्या औषधाचा बराचसा अंश, सुमारे तिसरा हिस्सा, मागे राहतो आणि कित्येक तास हळूहळू सुटत राहतो. सीटिलपिरिडिनियम क्लोराइड हे त्याच प्रकारचे धनभारित जंतुनाशक परीक्षानळीत जवळजवळ तितकेच तीक्ष्ण असले तरी तोंडातून लवकर निघून जाते, म्हणून तेथे ते मागे पडते. जंतुनाशकाची मारक शक्ती आणि तोंडात टिकून राहण्याची शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे चाचणीने शिकवले आणि तेव्हापासून दुसरीला पहिलीइतकेच वजन मिळू लागले. याच ज्ञानातून एक घरगुती सूचनाही निघाली. बहुतेक टूथपेस्टमधील फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट ऋणभारित असल्यामुळे ते क्लोरहेक्सिडीनला निष्प्रभ करते, म्हणून ब्रश केल्यावर लगेच ही चूळ भरू नये, मध्ये किमान अर्धा तास आणि शक्यतो त्याहून अधिक काळ जाऊ द्यावा.

जे रसायन दाताला चिकटते ते रंगालाही दाताशी चिकटवते. चहा, कॉफी आणि लाल मद्य घेणाऱ्यांच्या दातांवर व जिभेवर काही आठवड्यांतच तपकिरी डाग पडू लागले, चव बिघडली, काहींच्या तोंडातील त्वचा सोलवटली, कीटणाची वाढही थोडी अधिक दिसली. ल्यो यांच्या गटाने १९७६ मध्ये सलग दोन वर्षांच्या वापराचा अहवाल दिला आणि गंभीर अपाय आढळला नाही, पण डागांचा प्रश्न सुटला नाही. या डागांमुळे चाचणीच्या तंत्रालाही धक्का बसला. औषध आणि केवळ तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव कोणाला दिले आहे हे रुग्ण व परीक्षक दोघांनाही कळू नये, या दंडकाला दुहेरी अंध पद्धत म्हणतात. रुग्णाच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसताच परीक्षकाला बाटलीत काय होते हे कळते, आणि मग हिरडीला एक गुण द्यावा की दोन, या निर्णयात नकळत झुकते माप पडू शकते. प्रकाशित चाचण्यांतील या दोषाची चर्चा संशोधकांनी वारंवार केली असली तरी त्यावर पूर्ण उपाय आजही सापडलेला नाही.

निरोगी विद्यार्थ्यांवरील यश खऱ्या रुग्णांमध्ये उतरते का, हा प्रश्न लगेचच विचारला गेला हे स्कँडिनेव्हियन संशोधकांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. फ्लोत्रा आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये पन्नास सैनिकांवर चार महिन्यांची चाचणी प्रसिद्ध केली. येथे ब्रश बंद केलेले आदर्श स्वयंसेवक नव्हते. तोंडात आधीपासून प्लाक, कीटण आणि दाह असलेले तरुण होते. दृश्य थर पुष्कळ कमी झाला, हिरडीदाह मात्र त्याच्या तुलनेने बराच कमी प्रमाणात उतरला. कारण स्पष्ट होते. कीटणाच्या खडबडीत पृष्ठभागात आणि हिरडीखालच्या कप्प्यात जंतूंचा जो साठा असतो तेथे द्रव पोहोचत नाही, आणि दाताभोवतीच्या बाह्य कडेवर कितीही स्वच्छता झाली तरी खालून दाह चालू राहतो. त्यामुळे आधी दंतवैद्याने अवजारांनी कीटण काढावे आणि नंतर चुळीने नव्या थराची वाढ रोखावी, हा क्रम सत्तरच्या दशकातच ठरून गेला. चुळीच्या प्रतिबंधक शक्तीविषयी कोणाला शंका उरली नव्हती. तिच्या रोगनिवारक शक्तीविषयीचा उत्साह मात्र तेव्हापासूनच मर्यादित व्हायला हवा होता.

उत्साह मर्यादित करण्याचे काम अखेर नियमांनी केले. युरोपात ही चूळ सत्तरच्या दशकात वापरात आली तरी अमेरिकेत तिला परवानगी मिळण्यास १९८६ साल उजाडले, तेथे ०.१२ टक्क्याचे पंधरा मिलिलिटर द्रव ठरवले गेले, ज्यात औषधाचे वजन अठरा मिलिग्रॅम, म्हणजे युरोपातील वीस मिलिग्रॅमच्या जवळपासच राहते. त्याच वर्षी अमेरिकन डेंटल असोसिएशनने प्लाक आणि हिरडीदाहावरील उत्पादनांना आपली मान्यतामुद्रा देण्याचे निकष जाहीर केले. एकमेकांपासून स्वतंत्र अशा किमान दोन चाचण्या, प्रत्येकी सहा महिन्यांची, ज्यांत सामान्यतः उत्पादन वापरणाऱ्यांसारखेच लोक असावेत, मध्यंतरी आणि शेवटी मोजणी व्हावी, तोंडातील जंतूंच्या समतोलात घातक बदल होत नाही हेही दाखवावे, असे त्यांचे स्वरूप होते. सहा महिन्यांची अट निव्वळ कागदी नव्हती. चाचणीत नाव नोंदवलेला माणूस पाहणी होणार या जाणिवेने पहिल्या काही आठवड्यांत अधिक काळजीने दात घासतो आणि निष्क्रिय द्रव घेणाऱ्या गटाच्या हिरड्याही सुधारतात. हा परिणाम ओसरल्यावर औषधाचा खरा वाटा दिसतो. लिस्टरिनने या कसोट्यांतून जाऊन १९८७ मध्ये मुद्रा मिळवली. सर्दीच्या दाव्यामुळे दहा वर्षांपूर्वी न्यायालयात हरलेले उत्पादन हिरडीदाहाच्या मोजमापावर मात्र टिकले, ही या इतिहासातील एक मजेशीर कलाटणी आहे. पुढे त्याच उत्पादनाच्या जाहिरातींत ते दातांतील फटी साफ करणाऱ्या दोऱ्याइतकेच, म्हणजे फ्लॉसइतकेच, परिणामकारक असल्याचे सुचवले गेले, तेव्हा २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने तो दावा दिशाभूल करणारा ठरवून थांबवला. ज्या चाचण्यांचा आधार घेतला गेला होता त्यांत सौम्य ते मध्यम हिरडीदाह असलेले लोकच घेतले होते, पायोरियाचे रुग्ण नव्हते. चाचणीत कोण होते, हे विसरून चाचणीचा निकाल सर्वांना लावण्याची चूक यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दाखवली गेली असेल.

ही चूक किती मोठी आहे हे ल्यो यांच्याच आणखी एका अभ्यासातून कळते. १९७० ते १९८५ या काळात त्यांच्या गटाने श्रीलंकेतील चहामळ्यांवरील ४८० पुरुष कामगारांच्या हिरड्यांचा मागोवा घेतला. या कामगारांना दंतवैद्यकीय सेवा मिळत नव्हती, ब्रशची सवय नव्हती, आणि जवळजवळ सर्वांनाच हिरडीदाह होता. तरीही त्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांमध्ये रोग वेगाने वाढून दात गेले, ८१ टक्क्यांमध्ये तो मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्क्यांमध्ये हिरडीदाहाच्या पुढे तो गेलाच नाही. औषधोपचार नसलेल्या माणसांचे असे दीर्घ निरीक्षण आजच्या नीतिसमित्यांपुढे सहजी मंजूर होणार नाही, पण त्यातून निघालेला निष्कर्ष टाळता येत नाही. हिरडीदाहाचे गुण कमी झाले म्हणजे दात वाचले असे मानण्यास आधार नाही. सहा महिन्यांच्या चाचणीत मोजले जाते ते रोगाचे प्रवेशद्वार, रोगाचा शेवट नव्हे.

भारतात क्लोरहेक्सिडीनची ०.२ टक्के चूळ औषधांच्या दुकानांत सहज मिळते आणि येथील दंतमहाविद्यालयांमध्ये तिचा उपयोग मानदंड म्हणूनही होतो. कडुनिंब, त्रिफळा, हळद, तुळस किंवा तिळाचे तेल यांची तिच्याशी तुलना करणाऱ्या चाचण्या गेल्या दोन दशकांत मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाल्या आहेत. गंडूषाच्या परंपरेला आधुनिक मापावर घासून पाहण्याचा हा उपक्रम स्वागतार्ह आहे, त्याचे तंत्र मात्र काटेकोरपणे पाहावे लागते. तमिळनाडूतील २००९ च्या एका चाचणीत हिरडीदाह असलेल्या वीस किशोरांपैकी निम्म्यांना तिळाचे तेल आणि निम्म्यांना क्लोरहेक्सिडीन दहा दिवस देण्यात आले आणि दोन्ही गटांत सुधारणा आढळली. २०११ च्या आणखी एका भारतीय चाचणीत शंभर जणांवर हळदीचे द्रव एकवीस दिवस तपासले गेले, तेव्हा थराच्या बाबतीत क्लोरहेक्सिडीन सरस ठरले, हिरडीच्या गुणांत लक्षणीय फरक दिसला नाही. तेलाच्या चाचणीतल्यासारख्या दहा-दहा जणांच्या गटांत फरक आढळला नाही याचा अर्थ दोन्ही उपाय समान आहेत असा होत नाही. इतक्या लहान गटात मोठा फरकही नजरेतून सुटू शकतो. शिवाय तोंडात तेल आहे की पाणचट द्रव, हे घेणाऱ्यापासून लपवता येत नाही. जून २००९ पासून औषधचाचण्यांची आगाऊ नोंद भारतीय चाचणी-नोंदवहीत करणे सक्तीचे झाले, त्यामुळे निदान नको असलेला निकाल दडपण्यास काही आळा बसला आहे.

एव्हाना जगभरातील चाचण्यांची संख्या इतकी वाढली होती की त्या एकत्र तोलण्याचे काम हेच स्वतंत्र शास्त्र बनले. कोक्रेन या संस्थेच्या २०१७ मधील समीक्षेत क्लोरहेक्सिडीनच्या ५१ चाचण्या आणि ५३४५ व्यक्तींचा एकत्रित विचार झाला. प्लाक मोठ्या प्रमाणात कमी होतो हे निःसंशय ठरले. हिरडीदाहही कमी होतो, पण सौम्य दाह असलेल्यांमध्ये चार ते सहा आठवड्यांनंतर ही घट शून्य ते तीन या मापावर सुमारे ०.२१ गुण इतकीच भरली, जी समीक्षकांनी रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची मानली नाही. मध्यम ते तीव्र दाह असलेल्यांविषयी निष्कर्ष काढण्यापुरते पुरावे त्यांना मिळाले नाहीत. ऑर्हूसमधील विद्यार्थ्यांवर डोळे दिपवणारा परिणाम दाखवणारे द्रव्य अर्ध्या शतकानंतर, पाच हजारांहून अधिक लोकांच्या हिशेबात, गुणाच्या पाचव्या हिश्शावर आले, आणि ज्यांना त्याची सर्वाधिक गरज होती त्यांच्याविषयीचे उत्तर अद्याप कोरे राहिले.

दरम्यान चाचण्यांनी हेतुपुरस्सर न शोधलेल्या काही गोष्टीही समोर आल्या. ब्रिटनच्या औषध-नियामक संस्थेने २०१२ मध्ये क्लोरहेक्सिडीनच्या तीव्र ॲलर्जीचा, क्वचित पण जीवघेण्या धोक्याचा, इशारा दिला. लंडनमधील एका गटाने २०१३ मध्ये दाखवले की निरोगी व्यक्तींनी आठवडाभर ही चूळ वापरल्यास जिभेवरील नायट्रेटचे रूपांतर करणारे उपयुक्त जंतू मरतात आणि रक्तदाब दोन ते साडेतीन मिलिमीटरने वाढतो. तोंडातील सर्व जंतू शत्रू आहेत, या लिस्टरकालीन गृहीतकाला त्यामुळे तडा गेला आहे. बेल्जियममधील लुव्हेन येथे १९९० च्या दशकात एका दिवसात संपूर्ण तोंड जंतुमुक्त करण्याची जी पद्धत गाजली, तिच्यातही पुढील चाचण्यांत अवजारांनी केलेल्या सफाईचाच वाटा मोठा आणि चुळीचा वाटा अल्प ठरला.

युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने परिदंतरोगाच्या उपचारात क्लोरहेक्सिडीनच्या चुळीला दिलेली जागा याच पुराव्यांना धरून आहे : अवजारांनी केलेल्या सफाईला जोड म्हणून, निवडक रुग्णांमध्ये, मर्यादित काळापुरती तिचा विचार करता येईल, इतकेच ती म्हणते.